स्टर्नली

त्या जबाबात रक्त कुठेच नव्हतं, म्हणून मला तो सोपा वाटला. सव्वीस वर्षं मी कोर्टाच्या भाषांतर विभागात बसून लोकांच्या मारहाणी इंग्रजीत उतरवते आहे. कोयत्याने उतरवलेला कान, अंगावर ओतलेलं उकळतं तेल, विटेने ठेचलेलं डोकं, सगळं माझ्या टेबलावरून गेलं आहे आणि त्यानंतर मी वेळेवर डबा उघडून जेवले आहे. लोक विचारतात, कसं जमतं हो तुम्हाला. सवयीने जमतं. आणि आमच्या साहेबांच्या कृपेने जमतं.

साहेबांना आम्ही पाठीमागे इस्त्री म्हणतो. कितीही चुरगळलेला, आरडाओरड्याचा, शिव्यांनी भरलेला जबाब त्यांच्या हातात द्या, तो सपाट होऊन बाहेर येतो. माणूस वाईट नाही. कुणाच्या आजारपणात पहिला फोन त्यांचाच येतो. पण कागदावर आवाज चढलेला त्यांना खपत नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एक यादी करून भिंतीवर चिकटवली, कारण एकाच शब्दाचं पाच टेबलांवर पाच तऱ्हेने भाषांतर व्हायचं आणि वकील त्यावरून भांडायचे. डावीकडे आपले शब्द, उजवीकडे इंग्रजी. दम दिला, दरडावलं, खडसावलं, झापलं, डोळे वटारून बोलला, या सगळ्यांना मिळून एक मोठा कंस आणि कंसापुढे एकच शब्द: स्टर्नली. म्हणजे गंभीर चेहऱ्याने, नापसंती दाखवत. एखाद्या बँकेतल्या साहेबाने शिपायाकडे बघावं तसं.

त्या शब्दाचा मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर तो मला आवडायचा. छोटा, स्वच्छ, कुठेही बसणारा.

जामिनाच्या सुनावणीला पूर्ण जबाब जात नाही, एका पानाचा सारांश जातो. सारांशात साक्षीदाराने काय पाहिलं आणि काय ऐकलं तेवढंच घ्यायचं, त्याला काय वाटलं ते गाळायचं. हा नियमही साहेबांचाच. मी तो इतका पाळायचे की नवीन आलेल्यांना माझी पानं नमुना म्हणून दाखवत.

प्रकरण एका कुलूपवाल्याचं होतं. खाली त्याचं चाव्या करायचं दुकान, वर राहायची खोली. बायको बेकरीत कामाला. लागोपाठ तीन दिवस तिला घरी यायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी त्याने तिचा डावा हात दुकानातल्या वाइसमध्ये धरला, चावी घट्ट पकडून घासायला टेबलावर जो लोखंडी जबडा बसवलेला असतो त्यात, आणि दांडा फिरवत गेला. तीन बोटांच्या हाडांचा चुरा झाला. हे ती म्हणत होती. कुलूपवाला म्हणत होता, ती चावी घासत होती, तिच्याच वेंधळेपणाने हात अडकला, मी फक्त नीट काम कर म्हणून बोललो. आणि दवाखान्यात पहिल्या दिवशी, नवरा खाटेशी उभा असताना, तिनेही अडकला असंच सांगितलेलं होतं. दोन दिवसांनी तिने जबाब बदलला. त्यामुळे सगळं येऊन थांबलं शेजाऱ्यावर.

शेजारी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. आयुष्य आवाज ऐकण्यात गेलेलं. त्याने पोलिसांना सांगितलं होतं: "तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर मी इतका घाबरलो नसतो. तो हळू आवाजात तिला दरडावत होता. एक वाक्य बोलायचा, मग थांबायचा. थांबला की ती किंचाळायची. मग पुढचं वाक्य. त्या थांबण्यात काय होत होतं ते भिंतीपलीकडून मला दिसलं नाही, पण माझे पाय गळाले."

मी सारांश केला: शेजाऱ्याने पतीला पत्नीशी स्टर्नली बोलताना ऐकलं, तसेच पत्नीच्या ओरडण्याचा आवाज ऐकला. पाय गळाले हे त्याला वाटलं, ते गेलं. थांबणं म्हणजे काही ऐकलेला आवाज नव्हे, म्हणून तेही गेलं. चाळीस मिनिटांत पान संपवलं आणि त्या दिवशी मी संध्याकाळची पहिलीच बस पकडून घरी गेले.

आठ दिवसांनी, गुरुवारी सकाळी, जामिनाचा आदेश माझ्याच टेबलावर आला. आदेश इंग्रजीत असतो आणि पक्षकाराला द्यायची प्रत आपल्या भाषेत लागते, म्हणून तो पुन्हा आमच्याकडेच फिरून येतो. मी पेन्सिल घेऊन सुरुवात केली आणि तिसऱ्या परिच्छेदाशी माझा हात थांबला. न्यायाधीशांनी माझा शब्द अवतरणात टाकला होता. एकमेव त्रयस्थ साक्षीदार एवढंच म्हणतो, की पती स्टर्नली बोलत होता. हे पतीच्या म्हणण्याशी जुळतं. चुकणाऱ्या बायकोशी कठोर शब्दांत बोलणं आणि तिची बोटं चिरडणं यांत मोठं अंतर आहे. जामीन मंजूर. घरापासून लांब राहण्याची अट घालण्याचं कारण दिसत नाही.

मी कपाटातून मूळ जबाब काढला. टेलिफोनवाल्याची ती पाच-सहा वाक्यं पुन्हा वाचली, आणि या वेळी ती मला ऐकू आली. एक वाक्य. थांबणं. किंचाळी. पुढचं वाक्य. दर थांबण्याला दांड्याचा एक फेरा. त्या म्हाताऱ्याने भिंतीपलीकडून सगळा गुन्हा ऐकला होता आणि जसाच्या तसा सांगितला होता, आणि मी तो पुसून ठेवला होता.

साहेबांकडे गेले. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, यादीप्रमाणे आहे, चूक म्हणता येणार नाही, पण तुमची हरकत असेल तर शुद्धिपत्र भरा, सोमवारच्या टपालाने वर जाईल. मी विचारलं, तो आज सुटणार ना. त्यांनी तुरुंगात फोन लावला. आदेश काल संध्याकाळीच तिथे पोचला होता आणि कुलूपवाला सकाळी दहाला बाहेर पडला होता. घड्याळात सव्वा बारा वाजले होते.

तिच्या नावाची प्रत उद्या बेलिफ नेऊन देणार होता. मी ती घाईघाईने पुरी केली, साहेबांच्या सहीसाठीही थांबले नाही, आणि पिशवीत घालून निघाले. आमच्या विभागातला माणूस पक्षकाराला भेटत नाही. मीही सव्वीस वर्षांत एकदाही भेटले नव्हते. भेटले असते तर कदाचित इतकी छान सपाट पानं माझ्या हातून उतरली नसती.

बसमध्ये पोलीस चौकीला फोन केला. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला की जामिनावर सुटलेल्या माणसाने अजून काही केलेलं नाही, तरी बघतो, कुणाला तरी पाठवतो. फोन ठेवला आणि मला माझ्या वडिलांचा आवाज आठवला. तेही ओरडत नसत. गावभर सगळे त्यांना शिस्तीचा माणूस म्हणत, आम्हीही म्हणायचो. माझ्या थोरल्या बहिणीला ते समोर उभं करायचे, एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. एकदा अशाच एका थांबण्यानंतर तिच्या डाव्या कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. डॉक्टरांनी मला विचारलं, काय झालं गं. मी नऊ वर्षांची होते. मी म्हणाले, घसरून पडली. परतताना वडिलांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला तो आवडला. बावन्नाव्या वर्षी बसमध्ये हे आठवून मला माझी शिसारी आली.

बेकरीच्या मागच्या खोलीत भट्टीची धग आणि पीठ मळायच्या यंत्राची घरघर होती. ती एका हाताने पाव भाजायचे पत्रे खरवडत होती. डावा हात कोपरापर्यंत पट्टीत, गळ्यात अडकवलेला. माझ्या मनात जबाबावरून कुणी रडकी, खंगलेली बाई होती. ही चांगली दणकट होती आणि मालकाशी उधारीच्या खमिरावरून हुज्जत घालत होती. मी ओळख सांगितली आणि आदेश वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत पत्रा धरून उभी राहिली.

मग तिने विचारलं, कठोर शब्दांत म्हणजे काय, तो माणूस तर मला कधी कठोर शब्द बोलतच नाही, गोड बोलतो. मी म्हणाले, कागदात थोडी चूक झाली आहे. थोडी, असं म्हणाले मी. तेव्हाही.

ती म्हणाली, "माझी आई वर खोलीत एकटी आहे. तिला चालता येत नाही. जाताना मी बाहेरून दोन कुलपं घालते."

दोन कुलपं आणि कुलूपवाला. बेकरीतून तिचं घर दहा मिनिटांवर होतं, आम्ही सहा मिनिटांत पोचलो. वाटेत धापा टाकत मी तिला सांगितलं, की तो शब्द माझा होता, मीच लिहिला. ती चालता चालताच म्हणाली, "तुम्ही त्याला ऐकलं नव्हतं ना."

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत दिवा लागलेला, भिंतीभर चाव्या टांगलेल्या, आणि तो टेबलाशी बसून कानशीने एक चावी घासत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. वरच्या खोलीतून म्हातारीच्या काठीची ठकठक ऐकू येत होती, ती जमिनीवर काठी आपटत होती. म्हणजे जिवंत होती. मला वाटलं, आपण वेळेत आलो.

"आलीस," तो म्हणाला. थांबला. "ये, बस." माझ्याकडे बघून विचारलं, "या कोण?"

ती म्हणाली, कोर्टातल्या. त्याने मान हलवली, पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "बसा."

आणि मी बसले. हे मला सांगितलंच पाहिजे. दार उघडं होतं, हातात फोन होता, रस्त्यावर माणसं होती, आणि मी बसले, कारण त्या आवाजाने बसा म्हटल्यावर माझे गुडघे आपोआप वाकले. तो आवाज कठोर नव्हता, गंभीरही नव्हता, त्यात नापसंती तर अजिबात नव्हती. त्यात मजा होती. खूप दिवसांनी आवडीचं ताट समोर आल्यावर माणूस बोलतो तसा तो बोलत होता. यादीतल्या उजव्या बाजूला त्याच्यासाठी एकही शब्द नव्हता.

त्याने तिचा उजवा हात धरला. तिने पट्टीतल्या हाताने त्याच्या तोंडावर फटका मारला, तो तिलाच जास्त लागला असेल. त्याने तिला दंडाला धरून टेबलावर वाकवलं, तळहात वाइसच्या जबड्यात सरकवला आणि दांडा एक फेरा फिरवला. एवढं सगळं व्हायला घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"कोर्टात काय सांगितलंस माझ्याबद्दल?" तो म्हणाला. थांबला. दांडा फिरला. ती किंचाळली.

"पहिल्या दिवशी तर बरोबर बोलली होतीस." थांबला. मला लाकूड मोडल्यासारखा बारीक आवाज आला. ती किंचाळली. वरून काठी जोरजोरात आपटू लागली.

दोन वाक्यं आणि दोन थांबणी मी स्टुलावर बसून ऐकली. तिसरं वाक्य त्याने सुरू केलं तेव्हा मी उठले. टेबलाच्या टोकाला हातोडी पडलेली होती, लोखंडी, हातभर दांड्याची. मी ती उचलून त्याच्या खांद्यावर घातली. त्याचा हात सुटला आणि तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं, जणू स्टूलच उठून उभं राहिलं होतं. त्याने माझा गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दुसऱ्यांदा हातोडी घातली, ती कानशिलावर बसली. तो आधी गुडघ्यांवर आला आणि मग आडवा झाला. कानातून रक्त आलं, डाव्या. तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. शब्द येत नव्हते, नुसते ओठ हलत होते. मी खाली वाकले, थांबले, आणि तिसऱ्यांदा मारलं, तोंडावर, जिथून तो आवाज यायचा तिथे. दात तुटल्याचं हातोडीच्या दांड्यातून माझ्या हाताला कळलं. तो तेव्हा मला काहीच करू शकत नव्हता. मला ते दिसत होतं. मला बरं वाटलं.

ती अजून वाइसमध्येच होती. मी हातोडी टाकून दांड्याला हात घातला आणि जोर लावून फिरवला, आणि तिच्या तोंडून असा आवाज आला की तसा त्याने फिरवल्यावरही आला नव्हता. मी उलटा फिरवला होता. "दुसरीकडे," ती दात आवळून म्हणाली, "मॅडम, दुसरीकडे." मी दुसरीकडे फिरवला. हात बाहेर आला तेव्हा तो हातासारखा दिसत नव्हता. तेवढ्यात चौकीतून पाठवलेला शिपाई शटरखालून वाकून आत आला आणि हे सगळं बघून तिथेच भिंतीला टेकला.

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, उरलेली वाकतील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. म्हणजे बेकरीतलं काम संपलं. कुलूपवाला त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर होता. जिवंत होता, पण डोळे उघडत नव्हता, आणि तो उघडेल की नाही हेही कुणी सांगत नव्हतं. म्हाताऱ्या आईला टेलिफोनवाल्या शेजाऱ्याने आपल्या घरी नेलं होतं.

हवालदार तिच्या खाटेशी स्टूल घेऊन बसला आणि जबाब लिहू लागला. मी पलीकडच्या बाकावर होते. गळ्यावर कुलूपवाल्याच्या बोटांचे वळ उठले होते, पदरावर रक्त वाळून कडक झालं होतं. तिला गुंगी होती, पण ती नीट बोलत होती. त्याने मला धरलं, हात घातला, दांडा फिरवला, सगळं एकेक करून सांगितलं. मी दांडा उलटा फिरवला हे तिने सांगितलंच नाही. मग हवालदाराने विचारलं, या बाईंनी काय केलं.

ती म्हणाली, "यांचा गळा दाबला त्याने. यांनी दोनदा मारलं, जीव वाचवायला. दुसऱ्यांदा मारल्यावर तो पडला. मग यांनी मला सोडवलं."

हे बोलताना ती माझ्याकडे बघत होती. दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळून छातीवर ठेवलेले. मला कळत होतं ती काय करते आहे. तिचा एक हात त्याने घेतला होता आणि दुसरा माझ्या पानाने, आणि तरी ती मला वाचवत होती.

साहेब मघाशीच येऊन माझ्या शेजारी बसले होते. माझ्या बहिणीला कळवून, माझ्यासाठी स्वच्छ शाल आणि पाण्याची बाटली घेऊन आले होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "जबाब चांगला आहे. स्वसंरक्षणात बसतो. तुम्ही असंच सांगा, जास्त बोलू नका. नोकरीला धक्का लागणार नाही, मी बघतो." ते मनापासून म्हणत होते.

हवालदाराने स्टूल माझ्याकडे फिरवलं. दिवसभराचा थकलेला होता, तिचाच मजकूर समोर ठेवून त्याने माझा जबाब भराभर लिहून काढला आणि वाचून दाखवला. आरोपीने गळा दाबल्यामुळे मी बचावासाठी दोनदा प्रहार केला, त्यामुळे तो खाली पडला. बरोबर ना, असं विचारून त्याने पेन माझ्यापुढे धरलं. साहेब माझ्याकडे बघत होते. खाटेवरून तीही बघत होती, आणि तिने अगदी थोडी मान हलवली.

मला सही करायची होती. खोटं कशाला सांगू, फार करायची होती. घरी बहीण वाट बघत होती, निवृत्तीला सहा वर्षं होती, आणि ते वाक्य इतकं स्वच्छ होतं.

"तीनदा," मी म्हणाले. "तिसऱ्यांदा मारलं तेव्हा तो खाली पडलेला होता. नुसते ओठ हलत होते. मी थांबले होते, आणि मग मारलं."

साहेबांनी माझा हात धरला. खाटेवरून ती म्हणाली, मॅडम, नका. हवालदाराने पेन तसंच हातात धरून विचारलं, नीट विचार करून सांगताय ना, कारण हे लिहिलं की मला तुम्हाला सोबत घेऊन जावं लागेल. मी म्हणाले, हो, आणि तोंडावर मारलं असं लिहा. त्याने 'दोनदा' हा शब्द खोडला, वर 'तीनदा' लिहिलं, आणि पुढचं वाक्य सांगा म्हणाला.